लंकेचा पाऊस आणि आपला श्रावण



या सदरात आपण नेहमी कोळपणी, फवारणी आणि खताच्या हप्त्यांविषयी बोलतो. या वेळचा विषय जरा शिवाराबाहेरचा आहे. बीड जिल्ह्यातील एका वाचकांचे पत्र आले आहे. ते लिहितात, "आमच्या मातोश्रींचे वय पंचाहत्तर. निम्मे आयुष्य रोजंदारीत गेले, पुढे स्वतःची अडीच एकर झाली. श्रीलंकेत जाऊन अनुराधपूरचा बोधिवृक्ष एकदा डोळ्यांनी पाहावा, एवढी एकच इच्छा त्या बोलून दाखवतात. दुधाच्या पैशातून त्यांनी स्वतःच काही रक्कम बाजूला टाकली आहे. प्रवास कंपनीचा माणूस म्हणतो, ऑगस्टमध्ये चला, स्वस्त पडेल. थोरले बंधू म्हणतात, भर पावसाळ्यात परमुलखात जाऊन चिखल तुडवायचा आहे काय? दिवाळी होऊ द्या, पाऊस संपू द्या, सोयाबीनचा पैसा हातात येऊ द्या. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे पावसापाण्यात त्यांना न्यायची आम्हालाही भीती वाटते. साहेब, आपण काय सांगाल?"

अशी पत्रे अलीकडे अधूनमधून येऊ लागली आहेत. शेतकरी कुटुंबे आता परदेश पाहू लागली आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. पण नोकरदाराला सुट्टी मिळते आणि शेतकऱ्याला सवड काढावी लागते. ही सवड नेमकी पावसाळ्यातच सापडते आणि तिथेच घरात वाद सुरू होतो. तेव्हा या पत्राचे उत्तर सर्वांसाठीच देतो.

प्रथम निकाल सांगून टाकतो. थोरल्या बंधूंची काळजी रास्त आहे, पण महिना मात्र त्यांनी उलटा धरला आहे. अनुराधपूरला ऑगस्टमध्ये कोरडे असते. तिथला खरा पाऊस ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत पडतो, म्हणजे आपल्याकडे दिवाळी होऊन हरभरा-ज्वारीची पेरणी उरकते त्या दिवसांत.

हे कसे, ते आपल्या सह्याद्रीवरून चटकन समजेल. मृगाच्या सुमारास नैऋत्येकडून वारा येतो. तो समुद्रावरचे बाष्प घेऊन घाटाला धडकतो, वर चढतो, थंड होतो आणि कोकणात व घाटमाथ्यावर पाणी ओततो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस होतो. तिथून पूर्वेला शंभरेक किलोमीटरवरच्या माण-खटावात तोच वारा कोरडा होऊन उतरतो. तिथे पाचशे मिलिमीटर पडला तर लोक वर्ष बरे गेले म्हणतात. जिल्हा एकच, ऋतू एकच, पण एकीकडे इरले आणि दुसरीकडे टँकर.

श्रीलंकेत असेच घडते, फक्त तिथे डोंगर देशाच्या मध्यभागी आहे. हा देश लहान आहे, आपल्या महाराष्ट्राच्या साधारण पाचवा हिस्सा. पण त्यातले पिदुरुतलागला हे शिखर २,५२४ मीटर उंच आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा जवळजवळ नऊशे मीटरने जास्त. मे महिन्याच्या अखेरीस नैऋत्य मोसमी वारा या डोंगराच्या पश्चिम अंगाला भिडतो. कोलंबो, गाले, रत्नपुरा, हॅटन हा सगळा पट्टा सप्टेंबरपर्यंत भिजत राहतो. डोंगर ओलांडून तो वारा उत्तरेला आणि पूर्वेला उतरतो तेव्हा तो कोरडा आणि गरम झालेला असतो. त्याला तिकडे काच्चान म्हणतात. अनुराधपूर, पोलोन्नरुवा, त्रिंकोमाली ही सारी गावे त्या वेळी या वाऱ्याने तापत असतात. अनुराधपूरला ऑगस्टमध्ये सरासरी पन्नास मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस होतो, तर नोव्हेंबरमध्ये अडीचशेच्या आसपास.

पुढे वारा फिरतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे पट्टे तयार होतात आणि डिसेंबरपासून ईशान्येचा वारा सुरू होतो. मग उत्तर आणि पूर्वेचा कोरडा मुलूख भिजतो. तिथल्या शेतकऱ्याचा मोठा हंगाम याच पावसावर उभा असतो. त्याला ते महा म्हणतात. पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आणि काढणी फेब्रुवारी-मार्चमध्ये. दुसरा हंगाम यल, तो एप्रिल-मे ते ऑगस्टचा आणि बराचसा तळ्याच्या पाण्यावर निघणारा. आपल्या खरीप-रब्बीच्या चौकटीत हे बसवायला गेलात तर घोटाळा होईल.

"पावसाळ्यात जावे की नाही" या प्रश्नाला अशा उष्ण देशांच्या बाबतीत एकच उत्तर देता येत नाही. पाऊस देशाला पडत नाही, डोंगराच्या एका अंगाला पडतो. थायलंडमध्ये पाहा. फुकेतच्या बाजूचा किनारा मे ते ऑक्टोबर भिजतो, आणि पलीकडच्या आखातातल्या सामुई बेटावर जोराचा पाऊस ऑक्टोबरनंतर येतो. व्हिएतनामच्या मधल्या किनाऱ्यावर, हुए आणि दा नांग भागात, सप्टेंबर ते डिसेंबर हे पुराचे दिवस असतात. मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे. आपली मराठी माणसे एकोणिसाव्या शतकात मजुरीला तिकडे गेली, त्यांची वस्ती आजही आहे. तिथे आपल्या श्रावणात हिवाळा असतो आणि पाऊस व वादळे आपल्या उन्हाळ्याच्या तोंडाशी. असो. आपण लंकेकडे वळू.

दिवाळीनंतरचा विचार सोडा म्हणून मी जो आग्रह धरतो आहे, तो केवळ छत्री वाचावी म्हणून नाही. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस दितवाह नावाचे चक्रीवादळ श्रीलंकेवर आले. पूर आले, डोंगर खचले, सहाशेहून अधिक माणसे गेली. चहाच्या मळ्यांतली वस्ती, रस्ते, डोंगरी रेल्वे यांचे फार मोठे नुकसान झाले. दरवर्षी असे होते असे नाही. पण उपसागरातल्या वादळांचे दिवस हेच, हे आंध्र-तमिळनाडूच्या शेतकऱ्याला विचारा, तो सांगेल. आपल्याकडे स्वच्छ ऊन पडलेले असते, म्हणून आपल्याला वाटते की सगळीकडेच पडले असेल. पंचाहत्तर वर्षांच्या बाईला घेऊन त्या दिवसांत तिकडे जाणे मला पटत नाही.

आता पैशाचा मुद्दा. तो पत्रात एका ओळीत आला आहे, पण घरातली खरी अडचण तीच असावी. सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या आगेमागे येतो आणि सहल ऑगस्टची, म्हणजे खिसा रिकामा असतानाची. खत, फवारणी, मजुरी यांत सगळे गुंतलेले असते. अशा वेळी मातोश्रींची शिल्लक पुरत नसेल तर व्याजाने पैसे काढू नका, दागिना गहाण टाकू नका आणि पीककर्जाचा पैसा तर मुळीच वळवू नका. दिवाळीला आलेल्या पैशातली रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा आणि फेब्रुवारीत जा. माघात तिकडचा ईशान्येचा पाऊस ओसरतो, अनुराधपूरला पाऊस कमी होतो, तळी भरलेली असतात आणि भाताची काढणी सुरू असते. पश्चिमेचा किनाराही त्या दिवसांत निवांत असतो. हवामानाच्या दृष्टीने तो ऑगस्टपेक्षाही सुखाचा काळ आहे, म्हणून तिकिटे आणि खोल्या महाग. ऑगस्टमध्येही युरोपातल्या लोकांना सुट्ट्या असतात, तेव्हा फार स्वस्ताईची अपेक्षा धरू नका. कंपनीवाला स्वस्त म्हणतो ते कोणत्या गावच्या मुक्कामाचे, हे त्याच्याकडून लिहून घ्या. किनाऱ्यावरची हॉटेले पश्चिम बाजूला त्या महिन्यात रिकामी असतात आणि तिथला समुद्र खवळलेला असतो. ती गळ्यात मारायची त्याला घाई असते.

फेब्रुवारीत तुमची ज्वारी आणि हरभरा काढणीला येतो हे मला ठाऊक आहे. म्हणून तर श्रावणाचा विचार आधी करायचा.

श्रावणात शेतातून आठ दिवस निघता येते का? ज्यांचे सोयाबीन आणि तूर आहे, त्यांना येते. कोळपण्या, खुरपण्या झालेल्या असतात, पीक फुलोऱ्यात किंवा शेंगा धरण्याच्या बेतात असते आणि काढणीला अजून महिना-सव्वा महिना असतो. ज्यांचा मूग-उडीद आहे त्यांनी मात्र हा विचार सोडून द्यावा. साठ-पासष्ट दिवसांचे पीक नेमके त्याच वेळी तोडणीला येते आणि दोन दिवस पावसात शेंग राहिली तर दाणा झाडावरच मोड धरतो. कपाशीवाल्यांनी निघण्यापूर्वी कामगंध सापळे लावून घ्यावेत आणि डोमकळ्या तोडून नष्ट कराव्यात. सोयाबीनमध्ये चक्रीभुंगा आणि पाने खाणारी अळी यांच्यासाठी आदल्या दिवशी स्वतः शेतात फिरा. ओळीत एकेक मीटर अंतरावरची झाडे हलवून पाहा, अळ्या मोजा. गरज असेल तर फवारणी करूनच निघा, गरज नसेल तर उगाच "जातोय म्हणून" फवारू नका. पाणी साचणाऱ्या जागी चर काढून ठेवा. भावाला किंवा शेजाऱ्याला एक दिवसाआड फेरी मारायला सांगा आणि फोटो मागवा. दुभत्या जनावरांचा माणूस ठरवताना तो आठ दिवस आधीपासून धारेला बसवा, म्हणजे म्हैस त्याला ओळखू लागते. नाहीतर लंकेत पोहोचल्यावर घरून पहिली बातमी पान्हा चोरल्याची यायची.

पोळ्याच्या आत परत यायचे, हा हिशेब धरा. बैल दावणीला असो वा नसो, पोळ्याला घरचा कर्ता माणूस घरी असलेला बरा. मात्र अधिक मास आला की श्रावण पुढे सरकतो, तेव्हा पंचांग आणि इंग्रजी तारीख दोन्ही समोर ठेवून दिवस ठरवावेत.

श्रावण म्हटले म्हणजे आणखी एक गोष्ट सांगायला हवी. लंकेत प्रत्येक पौर्णिमेला सरकारी सुट्टी असते. तिला पोया म्हणतात. त्या दिवशी मांस आणि दारूची विक्री बंद असते, आणि अनुराधपूरसारख्या ठिकाणी पांढरी वस्त्रे नेसलेल्या लोकांची दाटी होते. कँडीला याच सुमारास दंतधातूच्या विहाराची मोठी मिरवणूक, एसला पेराहेरा, निघते. दहा दिवस रात्री सजवलेले हत्ती, ढोल, मशाली असतात, आणि तिची शेवटची रात्र आपल्या नारळी पौर्णिमेच्या सुमारास येते. पाहण्यासारखी आहेच. पण माणसे दुपारपासून रस्त्याच्या कडेला बसून राहतात, खोल्यांचे दर अनेक पटींनी चढतात. दुखऱ्या गुडघ्यांना ते झेपणार नाही. ही गर्दी टाळायची असेल तर पौर्णिमेनंतर चार दिवसांनी कँडीत पोहोचावे. मातोश्रींना पौर्णिमेलाच बोधिवृक्षाजवळ बसायचे असेल, तर गोष्ट वेगळी. मग अनुराधपूरची खोली दोन-तीन महिने आधी धरावी लागेल.

मार्ग असा आखा. मुंबईहून कोलंबोचे विमान सुमारे अडीच तासांचे. विमानतळ शहराबाहेर उत्तरेला काटुनायके येथे आहे, त्यामुळे कोलंबोत न शिरता गाडी सरळ उत्तरेला काढता येते. चार-पाच तासांत अनुराधपूर. ऑगस्टमध्ये विमानतळावर पावसाची सर लागली तर घाबरू नका. कोरड्या पट्ट्यात शिरलात की धूळ उडताना दिसेल. तीन रात्री तिथेच मुक्काम करा. रोज नवे गाव आणि रोज नवी खोली ही कंपन्यांची पद्धत तरुणांना ठीक आहे, वडीलधाऱ्यांचा त्यात जीव जातो.

बोधिवृक्षाची हकिकत अनेकांना माहीत असेल. सम्राट अशोकाची कन्या संघमित्रा हिने बोधगयेच्या वृक्षाची फांदी इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात इथे आणली. माणसाने लावलेल्या आणि लागवडीचा काळ ठाऊक असलेल्या झाडांत हे सर्वांत जुने मानले जाते. उंच ओट्यावर, सोनेरी कठड्याच्या आत ते उभे आहे आणि फांद्यांना सोनेरी टेकू दिलेले आहेत. आंब्याच्या फांदीला बांबूचा टेकू देणाऱ्या माणसाला ते टेकू पाहून काय वाटेल ते मी सांगायला नको. बावीसशे वर्षे एक झाड सांभाळायचे, म्हणजे किती पिढ्यांनी पाणी घातले असेल!

तिथली खरी अडचण पावसाची नाही, उन्हाची आहे. पवित्र जागी चप्पल आणि टोपी काढावी लागते. ऑगस्टच्या दुपारी दगडी फरशी तव्यासारखी तापते. जाड सुती मोजे बरोबर ठेवा आणि दर्शन सकाळी साडेसहा-सातला किंवा सूर्य कलल्यावर घ्या. दुपारी बारा ते साडेतीन खोलीवर विश्रांती. कपडे पांढरे किंवा फिके, खांदे आणि गुडघे झाकणारे. आपल्या नऊवारी-सहावारीला तिथे कोणी हरकत घेणार नाही. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढणे तिथे फार गैर समजतात, हे मुलांना आधीच बजावा. जवळच मिहिंतले आहे. अशोकाचा पुत्र महिंद याने तिथे ज्येष्ठ पौर्णिमेला राजा देवानांपिय तिस्स याला उपदेश केला असे परंपरा सांगते. तिथे १,८४० पायऱ्या आहेत, पण गाडी बऱ्याच वरपर्यंत जाते. गाडीवाल्याला तसे आधी सांगितले तर निम्म्याहून अधिक चढण वाचते. सिगिरियाचा खडक मात्र मातोश्रींनी खालूनच पाहावा. तिथे बाराशेच्या आसपास पायऱ्या आहेत आणि काही ठिकाणी लोखंडी जिने आहेत. श्रीपादाच्या शिखराची यात्रा मार्गशीर्ष-पौषापासून वैशाखापर्यंत चालते. ऑगस्टमध्ये तिथे पाऊस आणि वारा असतो, तेव्हा कोणी आग्रह केला तरी तिकडे वळू नका.

आता माझ्या आवडीचा भाग. काही वर्षांपूर्वी शेतकऱ्यांच्या एका गटाबरोबर मी ऑगस्टमध्येच या भागात गेलो होतो. देवळे, स्तूप पाहून झाले की आमची मंडळी गाडी थांबवून तळ्याच्या बांधावर उतरायची ती हलायची नाहीत. तळ्याला तिथे वेव म्हणतात. शब्द आपल्या 'वापी'चाच. गावाला गम म्हणतात, म्हणजे ग्राम. या कोरड्या मुलखात हजारो तळी आहेत, एका खोऱ्यात एकाखाली एक अशी साखळीने बांधलेली. वरच्या तळ्याचा सांडवा आणि वरच्या शेतातून पाझरलेले पाणी खालच्या तळ्यात जाते. पाचव्या शतकात धातुसेन राजाने कलावेव हे मोठे तळे बांधले. तिथून अनुराधपूरच्या तिस्सावेवपर्यंत सुमारे ८७ किलोमीटरचा कालवा काढलेला आहे. त्याच्या पहिल्या सतरा मैलांत मैलाला अवघा सहा इंच उतार. लेव्हलच्या दुर्बिणी हाताशी असूनही आपल्या पोटचाऱ्यांना शेवटच्या शेतापर्यंत पाणी न्यायला जड जाते, त्यांनी हे पाहिल्यावर आमच्यातला एकही जण काही वेळ बोलला नाही.

ऑगस्टमध्ये गेलात तर तळी खाली गेलेली दिसतील. पर्यटकाला ते भकास वाटते. शेतकऱ्याला मात्र भरल्या तळ्यापेक्षा त्यात शिकायला अधिक मिळते. बांधाचा दगडी पिचिंग उघडा पडतो आणि पाणी सोडण्याची चौकोनी दगडी विहीर, जिला बिसोकोटुव म्हणतात, ती नीट पाहता येते. पाण्याचा दाब त्या विहिरीत मोडून मग ते हळूच बाहेर सोडायचे, अशी ती युक्ती आहे. आणि एक चाल जरूर विचारून घ्या, तिचे नाव बेत्म. यल हंगामात तळ्यात पाणी कमी असेल तर गावकरी एकत्र बसतात आणि बांधाजवळचा तेवढाच भाग त्या हंगामापुरता पिकवायचे ठरवतात. तो भाग सर्व खातेदारांत वाटून घेतात, ज्याची जमीन शेवटच्या टोकाला आहे त्यालाही वाटा मिळतो. हंगाम संपला की ज्याची जमीन त्याला परत. धुळे-नाशिककडची फड पद्धत ज्यांना माहीत आहे, किंवा पुरंदरच्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी सत्तरच्या दशकात उभी केलेली पाणी पंचायत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना यात नात्याची माणसे भेटल्यासारखे वाटेल. हा भाग पाहायला एक संपूर्ण दिवस राखून ठेवा. कंपनीच्या कार्यक्रमात तो नसतो, मागून घ्यावा लागतो.

तळी आटली की गवताळ काठावर हत्ती गोळा होतात. मिन्नेरियाच्या तळ्याकाठी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्यांचे मोठमोठे कळप दिसतात. गुडघे दुखणाऱ्या माणसाला हे जीपमध्ये बसून पाहता येते, पण जीप फार हिसके देते, तेव्हा मातोश्रींना पुढच्या बाजूला बसवा.

तिथल्या शेतकऱ्याशी बोलायची संधी मिळाली तर २०२१ सालाबद्दल विचारा. त्या वर्षी मे महिन्यात सरकारने रासायनिक खते आणि औषधांची आयात एकदम बंद केली, नोव्हेंबरात बंदी मागे घेतली, पण तोवर महा हंगामाची घडी विसकटली होती. सेंद्रिय शेतीचा मी विरोधक नाही. पण जमिनीला वळण लावायला वर्षे लागतात, एका हंगामाचा हुकूम पुरत नाही. त्यांच्या तोंडून ते ऐकलेत तर चार पुस्तकांचे काम होईल.

दोन दिवस जास्त असतील तर कँडी करा. तिथे ऑगस्टमध्ये अधूनमधून सरी येतात, पण दिवस वाया जात नाही. चहाचे मळे पाहायचे असतील तर हॅटन-नुवारा एलियाकडे पाऊस आणि धुके असेल, आणि डोंगर ओलांडून बदुल्ला-एल्ल या ऊवा भागात कोरडा वारा वाहत असेल. ऊवाचा उत्तम चहा याच कोरड्या वाऱ्यात, जुलै ते सप्टेंबरमध्ये तयार होतो. पश्चिमेकडच्या दिंबुलाचा उत्तम चहा जानेवारी ते मार्चमधला. एकाच डोंगराच्या दोन उतारांचे हे दोन हंगाम आहेत. डोंगरी रेल्वे कुठपासून कुठपर्यंत चालू आहे, हे मात्र आरक्षणापूर्वी विचारा, कारण २०२५ च्या वादळात तिची मोठी हानी झाली होती. ओल्या डोंगरात जाणार असाल तर जळवा असतात. पायाला मीठ किंवा तंबाखूचे पाणी लावायचा आपला कोकणी उपाय तिथेही चालतो. घाटाच्या रस्त्यावर दरडीचा इशारा असेल तर त्या दिवशी निघायचेच नाही, गाडीवाला कितीही धीट असला तरी.

जेवणाचे हाल होणार नाहीत. भात, डाळ, फणसाची भाजी, खोबरे मुबलक असते. श्रावण पाळणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. खोबऱ्याच्या चटणीत आणि काही भाज्यांतही तिथे सुक्या माशाचा चुरा घालतात. त्याला उंबलकड म्हणतात. "मांस नाही" एवढे सांगून भागत नाही, मासा नको हेही स्पष्ट सांगावे लागते. भाकरीची आठवण येणाऱ्यांनी ज्वारीच्या धपाट्यांचा डबा न्यावा, दोन दिवस टिकतो.

आजारांपैकी डेंगीची भीती खरी आहे. पूर्ण बाह्यांचे कपडे, सकाळ-संध्याकाळ अंगाला मलम, रात्री मच्छरदाणी. मलेरिया तिथून हद्दपार झाला असून २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तसे प्रमाणपत्र दिले आहे. म्हणूनच तिथे ताप आला तर आपण भारतातून आलो हे डॉक्टरांना आधी सांगावे, म्हणजे तपासणी लवकर होते. भाताच्या चिखलात उतरायचा मोह आपल्या माणसांना होतोच. पायाला भेग किंवा जखम असेल तर उतरू नका. कोकणातल्या भातकऱ्यांना लेप्टो ठाऊक आहे, तो तिकडेही आहे. मातोश्रींच्या रक्तदाबाच्या आणि गुडघ्याच्या गोळ्या दुप्पट दिवसांच्या घ्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, आणि त्या हातातल्या पिशवीत ठेवा.

कागदपत्रांना आत्तापासून लागा. जुन्या बायकांच्या नावाचा फार घोळ असतो. आधारवर एक नाव, शिधापत्रिकेवर दुसरे, बँकेत माहेरचे. ते आधी एक करून घ्या आणि मगच पासपोर्टचा अर्ज करा. अनेक जिल्ह्यांत टपाल कार्यालयातच पासपोर्ट सेवा केंद्र आहे. पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेपासून निदान सहा महिने शिल्लक हवी. व्हिसाचे नियम आणि शुल्क बदलत असतात, तेव्हा तिकीट काढण्याच्या आठवड्यात श्रीलंका सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहून घ्यावे. तशाच दिसणाऱ्या खाजगी संकेतस्थळांवर जास्त पैसे जातात. प्रवासविमा तिकिटाबरोबरच घ्या आणि वयाची अट व जुन्या आजारांचे कलम वाचा. वादळ आल्यावर घेतलेला विमा त्या वादळाला लागू होत नाही. पीकविम्याच्या मुदतीचा अनुभव असलेल्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

येताना दालचिनीचे रोप, नारळाचे रोप, भाताच्या जुन्या वाणाची मूठभर लोंबी पिशवीत टाकण्याचा मोह होईल. माझ्याबरोबरच्या मंडळींनाही झाला होता, मी ती सगळी तिथेच ठेवायला लावली. परवाना आणि पीक-आरोग्याचा दाखला असल्याखेरीज बी, रोप, माती भारतात आणायला २००३ च्या आदेशाने मनाई आहे. मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी २०१८ मध्ये आपल्या देशात पहिल्यांदा सापडली आणि दोन वर्षांत तिने काय केले, हे आपण शेतात पाहिले आहे. तयार दालचिनी, चहा खुशाल आणा. शेतात वापरलेली चप्पल मात्र निघण्यापूर्वी घासून धुऊन, वाळवून बांधा.

बीडच्या वाचकांनी तारखा ठरल्या की सोयाबीनची पेरणी कोणत्या दिवशी झाली आणि वाण कोणता, एवढे कळवावे. निघण्याच्या आदल्या आठवड्यात शेतात काय पाहायचे ते मी वेगळे लिहून पाठवीन.